मध्यंतराचं फाटक

एनिड सग्डननं तीन आठवड्यांत एकशे चौदा दारं ठोठावली होती, आणि अकराला दहा मिनिटं कमी असताना कामगार क्लबच्या वरच्या दालनात त्यांतली मोजून एकोणीस माणसं येऊन बसली होती.

ती शेवटच्या रांगेत, अगदी दाराला लागून बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. शेजारी बसलेल्या तिच्या मैत्रिणीनं, फ्लॉरीनं, कागदातून आल्याचा काळा केक सोडला.

"खा गं. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

"गिळवत नाही."

"मग मी खाते. बुडायचंच असेल तर उपाशीपोटी कशाला?" फ्लॉरीनं तुकडा तोंडात टाकला आणि समोरच्या रांगांकडे हनुवटी केली. "तो बघ, गालिचेवाल्यानं अख्खं दुकान आणून बसवलंय. ती गल्ल्यावरची पोरगीसुद्धा."

गालिचेवाला म्हणजे रेमंड क्रॉसली, हॅल्डरशॉ रग्बी लीग क्लबचा गेली बारा वर्षं अध्यक्ष. मंचावर हिरव्या कापडाच्या टेबलामागे तो सारखं मनगटावरचं घड्याळ पाहत होता. त्याच्यापुढे एकच कागद होता. हॅल्डरशॉचा क्लब आणि खोऱ्यात आठ मैल खाली असलेला ब्रॅकनरॉइडचा क्लब एक करायचे. नवं नाव, नवे रंग, सगळे सामने ब्रॅकनरॉइडला. कागदावर त्याला एकत्रीकरण म्हटलं होतं. फ्लॉरी म्हणायची, मांजर आणि उंदीर एकत्र झाले की शेवटी मांजर तेवढं उरतं.

नियम जुना होता. असा ठराव मंजूर व्हायला हजर भागधारकांतले चारांत तीन हात वर व्हावे लागत. म्हणजे चारातल्या एकाहून थोडे अधिक विरोधात गेले, तर एकशे बारा वर्षांचं नाव वाचणार होतं. नाही तर जेवणाच्या वेळेपर्यंत ते संपणार होतं. आणि भागधारक कोण? १९२४ साली प्रेक्षकांसाठी लाकडी स्टँड बांधताना घरोघर एकेक कागद विकला होता, तो ज्याच्या घरी असेल तो. आजोबांकडून बापाकडे, बापाकडून लेकीकडे. ड्रॉवरच्या तळाशी, लग्नाच्या दाखल्याखाली पडलेला. मत द्यायचं तर स्वतः यावं लागे, दुसऱ्याच्या हाती निरोप चालत नसे. सभेची सूचना नियमाप्रमाणे एकवीस दिवस आधी मैदानाच्या दारावर लागली होती. पण मैदान आता ब्रॅकनरॉइडचं होतं, भाड्याचं, आणि हंगाम संपल्यावर तिथे हॅल्डरशॉची माणसं जायचीच कुठे? एनिड अजून जायची. म्हणून तिनं ती वाचली, आणि दुसऱ्या दिवसापासून दारं ठोठवायला निघाली.

"बाकीचे कुठे अडलेत?" फ्लॉरीनं विचारलं.

"चॅपलमध्ये. सुटायला सव्वा अकरा. वर हा चढ, आणि एकेकाचे गुडघे. साडेअकरा धर."

"आणि हा अकराला सुरू करणार."

"हो," एनिड म्हणाली. 

हॅल्डरशॉत एनिडला ओळखत नाही असं माणूस शोधून सापडलं नसतं, आणि तरी ती कुणी मोठी नव्हती. गिरणीत ती रफूच्या खात्यात होती. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड उजेडाला तिरक्या टेबलावर पसरायचं, डोळे मिटले तरी चालतील पण बोटं फिरवायची, गाठ लागली की चिमट्यानं उचलायची, धागा तुटला असेल तर सुईनं असा भरायचा की विणणाऱ्यालाही कळू नये. एकोणचाळीस वर्षं तिनं हे केलं. खात्यातला पहिला धडा असा होता की कापड उलटून पाहिल्याशिवाय पुढे सोडायचं नाही.

दुसरं काम तिला बापाकडून आलं. वॉल्टर जुन्या मैदानावरचं मध्यंतराचं फाटक उघडायचा. मैदानाच्या एका टोकाला गिरणीचं धुराडं, दुसऱ्याला चॅपल. सामना सुरू झाला की आपला संघ ज्या गोलखांबांकडे चाल करतो, तिकडे आपली माणसं उभी. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलणार, म्हणून माणसंही बदलणार. चार हजार माणूस चॅपलकडून धुराड्याकडे निघायचं, पाहुण्यांची माणसं उलट दिशेनं, आणि मध्ये स्टँडच्या कोपऱ्यात हे दोन माणसं मावतील एवढं लाकडी फाटक. वॉल्टरची छाती गिरणीच्या धुळीनं भरली आणि १९५९ साली किल्ली एकवीस वर्षांच्या एनिडच्या हाती आली. पहिल्याच दिवशी तिनं शिस्त लावली. एक आपला, एक त्यांचा. समोरासमोर, नाकाला नाक.

"काय रे, तुमच्यात बूट घालायची पद्धत आहे की नाही? तो तुमचा सात नंबर घसरतोय नुसता!"

"घसरत का होईना, दोनदा चेंडू रेषेपार टेकवून ट्राय केले त्यानं. तुमचा उभा राहून काय करतोय, अंडी उबवतोय?"

असं बोलत माणसं जायची. त्या अरुंद जागेत हातघाई करायला कुणाला जागाच नसायची.

पण एनिडचं खरं काम वेगळंच होतं आणि ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. चार हजार चेहरे तिच्यापासून हातभरावरून जायचे. कापडावर बोटं फिरावीत तशी तिची नजर फिरायची, आणि गाळलेला धागा लागायचा. अमुक दिसला नाही. एक सामना ती जाऊ द्यायची. दुसऱ्यालाही चेहरा दिसला नाही की सोमवारी गिरणी सुटल्यावर त्या दारावर थाप पडायचीच.

"कोण मेलंय म्हणून आलीस?" आतून आवाज यायचा.

"तेच बघायला आले."

कुणाची कंबर धरलेली असायची, कुणाची नोकरी गेलेली असायची आणि तिकिटाची लाज वाटत असायची, कुणी बायकोशी भांडून बसलेला असायचा. पुढच्या सामन्याला तो माणूस फाटकातून जायचा आणि म्हणायचा, "आलो गं बाई. आता लिही मला जिवंतात." तिचा नवराही तिला असाच मिळाला. आर्नल्ड बसवर कंडक्टर होता. दोनदा दिसला नाही, सोमवारी तिनं दार ठोठावलं, तर तापानं फणफणलेला. दोघांचा एकवीस वर्षांचा संसार झाला. आर्नल्ड गेला त्याच्या पुढच्याच रविवारी ती फाटकाशी उभी होती, आणि चार हजार माणसं टोपी काढून तिच्यासमोरून गेली.

मग पलीकडच्या ब्रॅडफर्डला लाकडी स्टँडला आग लागली आणि सगळीकडचे लाकडी स्टँड तपासणीत सापडले. हॅल्डरशॉचा स्टँड बंद झाला. तशात वरच्या गटात जायचं तर छपराखाली सहा हजार खुर्च्या हव्यात, असं क्रॉसलीला कळलं होतं. त्यानं १९८८ साली याच दालनात ठराव मांडला, मैदान विकू, खाली ब्रॅकनरॉइडच्या नव्या मैदानावर भाड्यानं खेळू. दालन दोन तट पडून खदखदत होतं. सभेआधी जिन्यात क्रॉसलीनं एनिडला गाठलं होतं.

"एनिडबाई, नव्या मैदानावरही मध्यंतराला जायची वाट असेल. तुमची किल्ली तुमच्याकडेच राहील. शब्द देतो."

आणि एनिड उभी राहिली होती. "क्लब म्हणजे माती नव्हे, माणसं," ती म्हणाली होती. "तिथेही फाटक आहे. मी उघडीन. चला." बसून घेताना तिला दालनाचा श्वास बदललेला जाणवला होता, आणि ठराव मंजूर झाला होता. हर्बर्ट ग्रीनवुड, तिच्याबरोबर शाळेत गेलेला, जुन्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखणारा माणूस, तेवढा उठून बाहेर गेला होता. त्यानंतर नऊ वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता. रस्त्यात ती दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जायचा.

ब्रॅकनरॉइडच्या पहिल्या सामन्याला मध्यंतर झालं, आणि हॅल्डरशॉची तीन हजार माणसं सवयीनं उठून चालू लागली. पन्नास पावलांवर लोखंडी जाळी. पिवळी जाकिटं घातलेली पोरं म्हणाली, तिकिटावर नंबर आहे, तिथे बसा. माणसं जाळीला नाक लावून उभी राहिली. मागून येणाऱ्यांना कळेना पुढचे का थांबले. एनिड मधोमध उभी होती, हातात किल्ली, आणि जाळीला कुलूपच नव्हतं. ती वितळवून जोडलेली होती.

त्यानंतर अर्धा सामना आपला संघ पाठमोरा, दूर जातानाच दिसू लागला. दोनशे माणसं कमी झाली. मग आणखी. आपल्याच जिल्ह्यातलं मैदान, पण घरचं नाही. दोन बस बदला, आणि रांगेत अनोळखी डोक्यामागे बसा. माणसं कमी झाली म्हणून चांगले खेळाडू विकले, खेळाडू विकले म्हणून सामने हरले, हरले म्हणून माणसं कमी झाली. क्रॉसली दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी वरचा गट. या हंगामाच्या शेवटच्या सामन्याला चारशे दहा माणसं होती. एनिडनं एका जागी बसून मोजली, कारण तिच्यासमोरून आता कुणी जात नव्हतं.

"अकरा वाजले," क्रॉसली मंचावरून म्हणाला. "सुरू करू. ठराव सगळ्यांनी वाचलाय. चर्चेला कुणी आहे का? नसेल तर मतदान. मतदान सुरू झालं की दार बंद होईल, नियम आहे."

 दाराशी असलेला क्लबचा माणूस कडीला हात घालून उभा राहिला.

एनिड उठली.  गिरणीत चाळीस बायकांच्या गलबल्यात ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती.

"मला बोलायचंय."

क्रॉसली हसला. वाईट माणूस नव्हता तो, फक्त थकलेला होता. "बोला की. पण एनिडबाई, गेल्या वेळी तुम्हीच म्हणालात ना, क्लब म्हणजे माती नव्हे? तुमचंच वाक्य मी आज पुढे नेतोय."

दालनात हशा पिकला. एनिडचे कान तापले. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती. साडेअकरापर्यंत बोलायचं तर बोलायचं काय? तिच्याकडे एकच गोष्ट होती, आणि ती नऊ वर्षं तिनं कुणाला सांगितली नव्हती.

"म्हणाले होते," ती म्हणाली. "त्याचंच सांगायचंय. मला जिन्यात शब्द मिळाला होता की तिथे फाटक असेल. मी नकाशा मागितला नाही. एकोणचाळीस वर्षं मी कापड उलटून पाहिल्याशिवाय पुढे सोडलं नाही, आणि इथे अख्खं गावचं कापड न बघता सोडलं. का, ते सांगते. मला किल्ली हवी होती. मला वाटलं, किल्ली माझ्याकडे राहिली म्हणजे झालं."

"झालं तुमचं?" पुढून कुणीतरी उठून म्हणालं.

"नाही झालं. बस खाली, बर्नार्ड. तुझ्या बापाला मी दोनदा घरून ओढून आणलंय."

बर्नार्ड बसला. एनिडनं श्वास घेतला आणि नावं घ्यायला लागली. कुठलीही गोष्ट सांगायची सवय तिला नव्हती, माणसं मात्र सगळी तोंडपाठ होती. मिल लेनचा पर्सी, नव्या मैदानावर पाचव्या सामन्याला आला नाही, कुणाला कळलं नाही, पुढच्या जूनमध्ये त्याचं प्रेत सहा दिवसांनी सापडलं. बँक स्ट्रीटच्या दोघी बहिणी, चाळीस वर्षं चॅपलकडच्या खांबाशी उभ्या राहायच्या, आता रविवारी टीव्ही बघतात. "मी या तीन आठवड्यांत दारं ठोठावली. प्रत्येक दारात मला एकच विचारलं, 'इतकी वर्षं कुठे होतीस?' ते आपल्याला सोडून गेले नाहीत, साहेब. आपल्याला कळलंच नाही ते गेले म्हणून. हरल्यामुळे माणूस जात नाही. आपण चौऱ्याहत्तर साली एकोणीस सामने ओळीनं हरलो, तरी फाटकातून चार हजार गेले. नाही आलं तर कुणी विचारायला येणार नाही, हे कळलं की माणूस जातो."

 घड्याळात अकरा सत्तावीस.

क्रॉसलीनं पेन टेबलावर ठेवलं. "मनापासून ऐकलं. पण जाळी मी बसवली नाही, ती त्यांची होती. मलाही असाच कुठल्यातरी जिन्यात कुणीतरी शब्द दिला होता. आता माझ्याकडे ना खेळाडू उरलेत ना दम. मतदान. दार लावा."

दाराशी असलेल्या माणसानं दार ओढलं. खालून जिन्यावर पावलं वाजली. एक, मग तीन, मग बरीच. काठीची टकटक.

एनिडनं दारावर हात ठेवला.

"माणसं वाटेत आहेत," ती म्हणाली.

"नियम आहे बाई," तो माणूस कुजबुजला.

"माझाही नियम आहे. येणारी संपल्याशिवाय फाटक लावायचं नसतं. सोड."

तिचा हात त्याच्या हातापेक्षा बारीक होता. तो मंचाकडे बघू लागला.  क्रॉसली त्या क्षणी नुसता बसून होता, जणू त्यालाही बघायचं होतं कोण येतंय. पहिली बँक स्ट्रीटची थोरली बहीण धापा टाकत आत आली, डोक्याला चॅपलची हॅट, हातात पिवळा पडलेला कागद. मागे धाकटी. मग प्रार्थनेची पुस्तकं हातात घेतलेली जोडपी, पँटवर गवताचे डाग असलेला म्हातारा, गिरणीतल्या तिच्या जोडीदारणी. दोघंदोघं. एनिड दार धरून उभी होती आणि मोजत होती.

शेवटी हर्बर्ट ग्रीनवुड. त्याच्या दारावर ती दोनदा गेली होती, दोन्हीदा त्यानं तिच्या तोंडावर दार लावलं होतं. तो तिच्याकडे न बघता आत गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

"झालं?" क्रॉसलीनं विचारलं.

"झालं," एनिड म्हणाली आणि दार सोडलं.

ठरावाच्या बाजूनं हात वर झाले. दोघं मोजत होते, एक पुढून, एक मागून, आणि आकडे जुळेनात म्हणून परत मोजले. एनिडनं ठोठावलेल्या दारांतलेही काही हात त्यात होते. एक तर बर्नार्डच्या बहिणीचा. तिनं पाहिलं आणि मान वळवली. मग विरोधातले हात. फ्लॉरीनं दोन्ही वर केले, एक खाली करायला लावला. भिंतीशी हर्बर्टचा हात खिशातच होता.  मोजणारा त्याच्यापाशी आला, पुढे गेला, आणि मग हर्बर्टनं हात असा वर केला की मोजणाऱ्याला मागे वळावं लागलं.

"बाजूनं एकशे एकोणतीस," क्रॉसलीनं वाचलं. "विरोधात चौपन्न. एकशे अडतीस लागत होते." त्यानं कागदाची घडी घातली. "ठराव पडला. अभिनंदन. आता तुमच्याकडे नाव आहे. मैदान नाही, पगारी खेळाडू नाहीत, आणि सोमवारपासून अध्यक्षही नाही. जानेवारीत लीगच्या यादीत आपण नसू. हे समजून हात वर केलेत ना?"

टाळ्या वाजवायला सुरुवात केलेल्यांचे हात थांबले.  मग बँक स्ट्रीटची धाकटी बहीण म्हणाली, "खाणीमागचं गवताचं पटांगण आहे की. पोरं फुकट खेळतील. आमच्या वेळी खेळायचीच."

"खुर्च्या नाहीत तिथे," कुणीतरी म्हणालं.

"मग उभं राहायचं," ती म्हणाली.

क्रॉसली खाली उतरला, कोट चढवला आणि एनिडसमोर थांबला. "तुम्हाला शब्द दिला तेव्हा खरा वाटला होता मला," तो म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता जिना उतरून गेला.

माणसं बाहेर पडू लागली. एनिड पुन्हा दाराशी उभी होती, आणि नकळत तिची नजर प्रत्येक चेहऱ्यावरून फिरत होती. जिंकल्यासारखं तिला काही वाटत नव्हतं.  हर्बर्ट शेवटी आला आणि तिच्यासमोर थांबला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"जुनं फाटक कुणी नेलं, ठाऊक आहे तुला?" तो म्हणाला.

"भंगारात गेलं."

"मी नेलं. माझ्या कबुतरांच्या खोपीला लावलंय. कुलपासकट. किल्ली नव्हती म्हणून नऊ वर्षं सताड उघडं आहे. निम्मी कबुतरं मांजरानं खाल्ली."

"मग मला का नाही सांगितलंस, मेल्या?"

"तुझ्याशी बोलत नव्हतो ना." तो टोपी चढवत म्हणाला. "उद्या ये. किल्ली आण. खाणीमागच्या कुंपणाला ते बसतं का, मापं घेऊ."

एनिडनं पर्सचं तोंड उघडलं, आतली किल्ली बोटानं चाचपली आणि परत बंद केलं.

"उद्या संध्याकाळी येईन," ती म्हणाली. "आधी मला ब्रिग्जबाईकडे जायचंय. येते म्हणाली होती, आज दिसली नाही."

फ्लॉरीनं केकचा उरलेला तुकडा कागदात गुंडाळला आणि तिच्या हातात कोंबला. "हा घेऊन जा," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं ठोठावलंस तर ती उघडायची नाही."